घास उतरेपर्यंत

"तुमच्याकडं जेवताना कोन खोकतं?"

दार उघडल्या उघडल्या हिराकाकींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ओळख ना पाळख, नमस्कार ना चमत्कार. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला, गळ्यात ठसठशीत सोन्याची माळ आणि चेहरा असा, की मला वाटलं खाली कुणाचा तरी सिलिंडर पेटलाय. नव्या मुंबईत, शिरवण्यातल्या त्या बिल्डिंगीत भाड्याने राहायला येऊन आम्हाला आठवडा झाला असेल नसेल. बिल्डिंग त्यांचीच, त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीवर उभी राहिलेली. त्या पहिल्या मजल्यावर आणि आम्ही बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. मनात म्हटलं, कर्म माझं, आता भाडेकरूंनी खोकायचंही नाही की काय!

"सासरे आहेत माझे," मी म्हणाले. "ठसका लागतो अधूनमधून. म्हातारं माणूस."

"अधूनमधून नाय. रोज. आनि जेवतानाच. मी खालून ऐकते." एवढं बोलून मला बाजूला सारून त्या थेट आत.

आत आप्पा पलंगावर उशीला रेलून जेवत होते. आप्पांचं सगळं आयुष्य वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात गेलं. पुढे साताऱ्याकडे गावी जाऊन राहिले, तिथे अर्धांगाचा झटका आला, म्हणून आम्ही इकडे घेऊन आलो. डावी बाजू लुळी, जीभ जडावलेली, पण तिखटपणा शाबूत. समोर टीव्ही लावलेला, मांडीवर पातळ वरणात कुस्करलेल्या पोळीची वाटी. म्हाताऱ्यांना हेच देतात, आईने आजीला हेच दिलं होतं, म्हणून मीही देत होते.

काकींनी टीव्ही बंद केला, वाटी काढून घेतली आणि आप्पांपुढे वाकून म्हणाल्या, "आ करा बगू. मोठ्यानं."

"ही कोन बया?" आप्पांनी मला विचारलं.

"आ करा आदी, मंग सांगते."

आप्पांनी "आऽ" केलं. आवाज घोगरा आला, आत पाणी खळखळल्यासारखा. काकींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी नंतर रोज पाहिलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती बाई घाबरली होती. परक्या घरात, परक्या म्हाताऱ्यासाठी, खरोखरीची घाबरली होती.

"आवाज वला हाय," त्या म्हणाल्या. "वरान पोटात नाय गेलं, नरड्यात बसलंय. तितून छातीत उतरतंय. पोरी, याला गिलता येत नाय नीट." मग एक श्वास घेऊन, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "माझ्या नवऱ्याला मीच मारलंय, भरवून. तवा मना हा खोकला कलतो."

मी तशी जन्माची भित्री. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे शेठची गोष्ट काकींनी कधीच लपवून ठेवली नाही. कुणी विचारो न विचारो, त्या सांगायच्या. शेठनाही आधी असाच झटका आला होता. हॉस्पिटलातल्या बाईने बजावलं होतं, की यांना बसवून भरवा, बोलता बोलता भरवू नका, सुकं चिवट काही देऊ नका. काकींनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. मग पुतण्याची हळद आली. आता आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! मांडव, बँजो, मटणाचे टोप, अख्खं गाव नाचतंय. शेठ खुर्चीत बसून एका हाताने ताल धरत होते. काकींना वाटलं, एवढा हौशी माणूस, घरातल्या हळदीला घोटलेला भात काय खाईल? त्यांनी वड्याचा तुकडा मटणात बुडवला आणि त्यांना हसवत हसवत भरवला. शेठ हसता हसता गप्प झाले. एवढ्या गोंगाटात कुणाला काही ऐकूच आलं नाही. काकींना वाटलं नाच बघतायत. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा मान कललेली होती.

"लोक बोल्ले, नशीबवान, हळदीत गेला. मना म्हाइत हाय कोनाच्या हातानं गेला," एवढं म्हणून त्या पदराने तोंड पुसत आणि पुढच्या कामाला लागत.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आप्पांना तपासायला नेलं. गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी काकींचंच म्हणणं सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवणाची वेळ झाली की मला भीती वाटायला लागली. लोकांच्या घरी कुकरची शिट्टी वाजली की भूक लागते. मी दार उघडून जिन्यात काकींची वाट बघायची.

काकी रोज वेळेवर हजर. आप्पांना पलंगावरून उठवून खुर्चीत ताठ बसवायचं. हनुवटी छातीकडे. चमचा छोटा, बाळाचा. टीव्ही बंद, मोबाइल बंद, आणि माझा नवरा विलास घरात असला तर त्याचंही तोंड बंद. एक घास दिला की काकींची नजर आप्पांच्या गळ्यावर खिळायची. तो घास खाली उतरेपर्यंत त्या स्वतः श्वास घ्यायच्या नाहीत. उतरला की "हां," आणि मग पुढचा. जेवण झालं तरी म्हाताऱ्याला आडवं होऊ द्यायचं नाही. आप्पा पेंगुळले असतील तर जेवणच पुढे ढकलायचं. आप्पा म्हणायचे, "आगं, मी जेवतुया का परीक्षा देतुया?"

"परीक्षाच हाय ती. तुमची नाय, माजी."

काकींना आपल्या भीतीची लाज कधी वाटली नाही. आपण लोक भीती झाकतो, वर हसतो, "काही होत नाही हो" म्हणतो. या वाक्याचा त्यांना भयंकर राग होता. "काय होत नाय बोलनारी मानसं मयताला पयली येतात," म्हणायच्या. ज्याला भीती वाटत नाही त्याने म्हाताऱ्याला भरवू नये, हे त्यांचं ठाम मत.

पण भीतीनेही माणूस चुकतो, आणि काकी चांगल्याच चुकल्या. घशात अडकेल असं काही नको, या धसक्याने त्यांनी आप्पांना सगळं मऊ, पांढरं आणि गुळगुळीत द्यायला सुरुवात केली. घोटलेला भात, रव्याची खीर, कणीची पेज, परत घोटलेला भात. ठसका जवळजवळ थांबला. आम्ही खूश. पण हळूहळू आप्पांच्या पायजम्याची नाडी आवळावी लागायला लागली, दंडाची कातडी लोंबायला लागली, आणि एके दिवशी न्हाणीघरात उठता उठता म्हातारा बसकन खाली बसला. ज्या माणसाने जन्मभर पोती उचलली, त्याला स्वतःला उचलता येईना.

आहाराच्या बाईंकडे काकी माझ्याबरोबर आल्या. बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "गिळायला सोपं ते सगळं दिलंत. अंगाला बांधणारं काय दिलंत? डाळ कुठाय, अंडं कुठाय, दही, मासे? या वयात अंगावरचं मांस आधीच झडत असतं. जेवण थोडं असलं तरी चालेल, पण प्रत्येक खेपेला त्यात बांधणारं काहीतरी हवं."

मला वाटलं, काकी आता भांडणार. मालकीणबाई त्या, अख्खं शिरवणं त्यांना टरकून असायचं. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

"एकाला भरवून मारला गो," त्या म्हणाल्या, "आनि दुसऱ्याला भिऊन भिऊन उपाशी मारीत हुते."

मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर काकींनी जेवणाचा जो विचार सुरू केला, तो एखाद्या लग्नघराने करावा तसा. आदल्या दिवशी संध्याकाळीच उद्याचं ठरलेलं. ताटात चार गोष्टी पाहिजेत, हे त्यांनी स्वतःच्या भाषेत बसवून घेतलं. भात-भाकरी चालवते. डाळ, अंडं, मासा, दही बांधतं. पालेभाजी आणि फळ पोट साफ ठेवतं. "आनि चवथं, मन लागंल असं कायतरी. त्याबिगर पयली तीन तोंडातच फिरतात." ओले बोंबील आणायचे, मधला काटा ओढून काढायचा, शिजवून बोटांनी चाचपून चाचपून कुस्करायचे. एकदा कुस्करलं तरी समाधान नाही, परत चाचपायचं. अंडं मऊ भुर्जीसारखं, तुपावर. नाचणी दाट शिजवून ताकात. पपई, पिकलेलं केळं, दुधी आणि पालक घोटून. मीठ मात्र कमी, कारण आप्पांचं बीपी. त्याऐवजी लिंबू, कोकम, भाजलेलं जिरं. "आमच्या सासऱ्यांची मिठाची आगरं हुती," त्या स्वतःवरच हसायच्या, "आनि त्यांची सून लोकांच्या ताटातलं मीठ काढत फिरते."

पण आप्पांचं मन काही लागेना. बोंबील त्यांना ठाऊक नव्हते, नाचणीची आंबील त्यांना औषध वाटायची. शेवटी काकींनी मला विचारलं, हा माणूस गावी काय खायचा? मी म्हटलं, पिठलं-भाकरी, दुसरं काय! काकी विचारात पडल्या. भाकरी तर शक्यच नव्हती. पण पिठलं? दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या ओट्याशी उभं राहून पिठलं केलं. पातळ नाही, गोळाही नाही, चमच्यावरून हळूच सरकेल असं, गाठ म्हणून नाही. मिरची नुसती फोडणीत परतून बाहेर काढली, वासापुरती. त्यात मऊ भात मळला, वर तूप.

आप्पांनी पहिला घास घेतला. काकी श्वास रोखून. घास उतरला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे झालं जेवान," ते म्हणाले. "आतापतूर निस्ती खळ खात हुतो, कागद चिकटवायची."

"बोलू नका, दुसरा घास हाय," काकी डाफरल्या, पण तोंड फिरवून हसल्या.

बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर कुलकर्णी नाना-नानी राहायचे. दोघंही निवृत्त मास्तर, मुलगा पुण्याला. काकींनी एकदा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं. हो, डोकावून! आणि त्यात टोस्टच्या पुड्यांखेरीज काही नाही हे बघून त्या तडक वर गेल्या. नानी म्हणाल्या, "अहो, दोघांसाठी कुठे घाट घालायचा? या वयात हलकंच बरं."

"टोस्ट म्हंजे जेवान नाय नानी, ती जेवानाची टालाटाल. उद्या जिन्यात चक्कर येऊन पडाल, खुबा मोडंल, आनि मंग?" नानींच्या तोंडचं पाणी पळालं. नाना अंड्याचं नाव निघताच कानावर हात ठेवणारे, तेव्हा काकींनी त्यांना मुगाची धिरडी, पनीर, दही, भिजवलेले शेंगदाणे असं सगळं नेमून दिलं. आणि वर सांगितलं, की दुपारी आप्पांबरोबर खाली येऊन जेवायचं. एकटं माणूस जेवत नाही, उरकतं. नाना आधी कुरकुरले, मग लागले यायला. आप्पांशी बोलायचं नाही ही अट होती, त्यामुळे तिघं म्हातारे समोरासमोर बसून मुकाट जेवायचे, आणि काकी तिघांच्या गळ्यांवर पहारा करायच्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, या घरात कुणाचं तरी सुतक आहे.

आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन करायची टूम नानांचीच. आप्पा एक्याऐंशीत गेले होते, विलासला हौस आली, साताऱ्याहून सगळं गणगोत बोलावलं. काकींना कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पेढं भरवनार?"

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे सत्कार म्हणजे काय? औक्षण झालं की रांग लागते, जो तो उत्सवमूर्तीच्या तोंडात पेढ्याचा तुकडा कोंबतो, फोटो काढतो आणि जेवायला पळतो. आणि साताऱ्याचे लोक पेढे आणणार म्हणजे कंदी पेढे. कोरडे, चिवट, टाळूला चिकटणारे. प्रेमाने आलेला प्रत्येक हात त्या दिवशी आप्पांचा गळा घोटायला येणार होता. मी विलासला म्हटलं, सगळ्यांना आधीच सांग. तो म्हणाला, "अगं, शुभकार्यात कसं सांगू, की माझ्या बापाला भरवू नका?"

त्या दिवशी मी देव पाण्यात घालून बसले होते. काकी हिरवी पैठणी नेसून आप्पांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. औक्षण झालं, रांग लागली, पहिला हात पुढे आला, आणि काकी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा! तुमच्यात काय उलटी रीत हाय का? आज थोरल्याचा दिवस. थोरल्यानं ल्हानाच्या तोंडात घास घालायचा, आशीर्वाद म्हनून." आणि पेढ्यांचं ताट त्यांनी आप्पांच्या धडक्या उजव्या हाताशी धरलं. लोक जरा गोंधळले, पण वाकून नमस्कार करू लागले, आप्पा एकेकाच्या तोंडात पेढा घालू लागले. म्हाताऱ्याला अशी काही मजा वाटायला लागली! माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भागूआत्या आल्या. आप्पांच्या सख्ख्या बहीण, त्यांच्याहून थोरल्या. हातात स्वतः आणलेला पेढा.

"थोरल्यानं भरवायचं न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग मी थोरली हाय. कडेवर खेळवलंय ह्याला. उघड रं तोंड."

आप्पांनी तोंड उघडलं. बहीण म्हणतेय म्हटल्यावर त्यांनी उघडलंच. आत्यांचा हात पुढे आला. विलास पुतळ्यासारखा उभा. आणि काकींनी काय करावं? त्यांनी खुर्चीवरून मान पुढे घातली आणि आत्यांच्या हातातला तो अख्खा पेढा आपल्याच तोंडात घेतला!

सगळ्या हॉलमध्ये एकदम हशा. आत्या संतापाने थरथरतायत, काकींच्या दोन्ही गालांत पेढा, बोलता येत नाही, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि हातवारे करून त्या आप्पांना "हसू नका, हसू नका" सांगतायत. नंतर त्यांनी दोन पेढे दुधात आटवून दाट रबडीसारखे केले, चमचा भागूआत्यांच्याच हातात दिला आणि त्यांच्या शेजारी बसून हनुवटी कशी, घास केवढा, सगळं शिकवत भरवून घेतलं. आत्या शेवटी म्हणाल्या, "बया, आदी सांगायचं न्हाई का?"

पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. पैठणी नेसलेल्या काकी ओट्याखाली फरशीवर बसल्या होत्या. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले.

"त्यांनी तोंड उगडलं ना गो," त्या म्हणाल्या, "तवा मना शेठचंच तोंड दिसलं."

पावसाळ्यात आप्पांना न्यूमोनिया झाला, बरे झाले, परत झाला. एवढी काळजी घेऊनही थोडं थोडं छातीत उतरतच होतं. डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं, नाकातून नळी घालता येईल, जेवण त्यातून. तोंडाने खाल्लं तर धोका आहे, कधी काय होईल सांगता येत नाही. तुम्ही ठरवा. ठरवलं ते आप्पांनीच. नळी घालायला आलेल्या नर्सचा हात त्यांनी धरला आणि सोडला नाही. पोती उचललेला हात तो.

"तोंडानं खाईन," ते म्हणाले. "नळी मेल्यावर घाला."

आम्ही त्यांना घरी आणलं. मला भरवायचं धाडस होईना. वाटी हातात घ्यायची आणि परत ओट्यावर ठेवून यायची. आप्पा म्हणाले, हिराबाईंना बोलाव. मी खाली गेले, तर काकींनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. "डॉक्टर बोल्ला ना धोका हाय? मंग मी नाय. मी एकदा केलंय. परत नाय." आणि दार लावून घेतलं. पण दाराआडून मला फोडणीचा वास येत होता. पिठलं त्यांनी केलंच होतं.

थोड्या वेळाने त्या आपणहून वर आल्या. झाकलेली वाटी घेऊन दारातच उभ्या राहिल्या. आत पाऊल पडेना. आप्पा खुर्चीत ताठ बसून वाट बघत होते.

"मना भ्या वाटतं आप्पा," काकी म्हणाल्या.

"वाटनारच," आप्पा म्हणाले. एकेक शब्द जड जात होता त्यांना. "भ्यायचं काम तुमचं, हिराबाई. खायाचं माजं. आपापलं काम करू."

काकी आत आल्या. मी त्या दिवसाइतकी घाबरलेली दोन माणसं एकमेकांसमोर बसलेली कधी पाहिली नाहीत, आणि तिसरी मी. आप्पा जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. दिवाळी झाली, थंडी पडली, म्हातारा रोज चार-सहा घास का होईना, चवीने जेवत राहिला. माझी भीती काही कमी झाली नाही, पण तिची सवय झाली.

त्या दिवशी काकींच्या नातीचं उष्टावण होतं, खारघरला, मुलाच्या घरी. त्या जायलाच तयार नव्हत्या. मीच म्हटलं, जा हो, मी भरवते, शिकले ना आता सगळं. त्यांनी सकाळीच पिठलं-भात करून ठेवला, दहा वेळा बजावलं, आणि गेल्या.

मी भरवलं. ताठ बसवून, हनुवटी खाली, छोटा चमचा, घास उतरला की पुढचा. आप्पांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. तोंड पुसल्यावर म्हणाले, "आज ठसका न्हाई लागला, हिराबाईस्नी सांग." त्यांना तसंच खुर्चीत बसवून मी वाट्या विसळायला आत गेले. बाहेर आले तर मान कललेली होती.

आवाज आला नव्हता. खोकला नाही, काही नाही. पण मग शेठचा तरी कुठे आला होता? खालच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले, "हार्ट. वय झालं होतं." विलास ऑफिसातून धावत आला. शेजारपाजारचे जमले. नानी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, की शेवटचा घास माझ्या हातचा. मोठा झाला का? घाई केली का? हे कुणालाच माहीत नव्हतं. आता जन्मभर मी काकींसारखी लोकांना सांगत फिरणार, की मी माझ्या सासऱ्यांना मारलं.

काकी आल्या त्या तशाच, समारंभाच्या साडीत, केसांत गजरा. आप्पांकडे पाहिलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं.

"जेवले हुते?"

मी मान हलवली.

"कोनी भरवलं?"

"मी."

काकींनी हॉलमधल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. विलासलासुद्धा. कुणी का म्हणून विचारलं नाही. दार लावून त्यांनी मोबाइलचा दिवा लावला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धर." मग आप्पांपाशी गुडघे टेकून बसल्या आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी हळूच खाली ओढली.

मी डोळे मिटून घेतले.

"मिटू नको. बग. तूच बगायचं हाय." त्यांनी एक बोट आप्पांच्या गालांतून फिरवलं, जिभेखालून फिरवलं, आत, जिथवर जाईल तिथवर. बोट बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. त्याला काहीही लागलं नव्हतं. "साफ हाय. भाताचं शीत नाय. समदं गिललं हुतं त्यांनी, पोरी. घासानं नाय गेले ते. तू नाय मारलंस."

डॉक्टरी हिशेबाने त्या तपासणीला किती अर्थ होता, देव जाणे. पण माझ्या आत काहीतरी सुटलं आणि मी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. बऱ्याच वेळाने मला सुचलं, आणि मी विचारलं, "काकी, शेठच्या वेळी...?"

"कोनी बगितलंच नाय गो," त्या म्हणाल्या. "कोन बोल्ला अटॅक, कोन बोल्ला ठसका. माझ्या हाताशी हुतं तोंड त्यांचं. उगडून बगायचं हुतं. पन मी भ्याले."

त्यांनी आप्पांचं तोंड मिटवलं, पांढऱ्या मिशा बोटांनी सारख्या केल्या. पुढे आम्ही ती जागा सोडली, काकी खारघरला मुलाकडे गेल्या, भेटीगाठी झाल्या नाहीत असं नाही. पण मला त्या दिसतात त्या तशाच, केसांत सुकलेला गजरा, उठताना गुडघ्यावर हात टेकलेला. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं. बाहेर जिन्यापर्यंत माणसं उभी होती, कुजबुजत होती. काकी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हातारा सुनेच्या हातनं पोटभर जेवून गेला. कुनी काय बोलायचं नाय."